नोंदीतले रकाने: सक्तीच्या इंटरनेट डेटा-साठवणीला तोंड कसं द्यायचं

इंटरनेट आणि मोबाइल कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाच्या वापराची नोंद ठरावीक मुदतीपर्यंत सांभाळायची आणि तपास यंत्रणेनं मागितली की काढून द्यायची, अशी सक्ती आज अनेक देशांत आहे. तुमच्यावर कसला संशय असो वा नसो, नोंद होतेच. या विषयावर लोक दोन टोकांना बोलतात. एकाला वाटतं, सरकार आपला प्रत्येक मेसेज वाचतंय. दुसऱ्याला वाटतं, इनकॉग्निटो लावलं की झालं. इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरचा खासगी मोड, तुमच्या यंत्रावर हिस्टरी ठेवत नाही एवढंच, कंपनीकडे जे उमटायचं ते उमटतंच. आणि मेसेजचा मजकूर बहुतेक देशांच्या सक्तीत येत नाही. नोंदीत असतात ते रकाने: कोण, कधी, कुठून, कोणत्या सर्व्हरशी, किती वेळ, किती डेटा. प्रत्येक उपाय यातले एक-दोन रकाने कोरे करतो आणि बाकीचे तसेच भरलेले राहतात. काही रकाने तर कुठल्याच ॲपला कोरे करता येत नाहीत, त्यांच्यासाठी अर्ज, हरकत आणि न्यायालय हाच रस्ता. म्हणून आधी नोंद कशी दिसते ते पाहू.

एक नोंद, जवळून

मोबाइल डेटाच्या एका सत्राची नोंद साधारण अशी असते: ग्राहकाचा नंबर, सिमचा आयएमएसआय (सिमचा ओळख क्रमांक), हँडसेटचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक), कंपनीच्या जाळ्यातला आतला आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता), बाहेर दिसणारा आयपी पत्ता आणि पोर्ट (एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखण्याचा क्रमांक), समोरच्या सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट, सुरुवात २३:४२:०७, शेवट २३:४९:३०, आलेला डेटा ३८ एमबी, गेलेला १ एमबी, आणि ज्या टॉवरवरून हे झालं त्याचा सेल आयडी. समोरचा पोर्ट ४४३ असेल तर वेबसाइट किंवा ॲप. ३८ एमबी सात मिनिटांत आले म्हणजे बहुधा व्हिडिओ. मजकूर कुठेच नाही, पण अशा काही हजार ओळी एकाखाली एक लावल्या की माणूस कधी झोपतो, कुठे काम करतो आणि रविवारी कुठे जातो ते कळतं.

आतला आणि बाहेरचा असे दोन पत्ते का, हे समजून घेणं उपयोगाचं आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास, आणि जोडण्या त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे कंपनी शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवते. आत प्रत्येकाला बऱ्याचदा १००.६४ ते १००.१२७ या राखीव पट्ट्यातला पत्ता मिळतो. अशा वेळी नुसत्या बाहेरच्या आयपीवरून माणूस सापडत नाही, त्यासोबत पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. सर्व्हर चालवणाऱ्यांनी ग्राहकाचा पोर्टही लिहून ठेवावा अशी तांत्रिक शिफारस २०११ पासून आहे, तरी अनेक वेबसाइट तो लिहीत नाहीत. मग मागणी येते ती 'अमुक आयपी, रात्री नऊच्या सुमारास' अशी, आणि उत्तरात नावांची यादीच निघते. त्यात जागतिक वेळ आणि स्थानिक वेळ यांची गल्लत झाली तर यादी सर्वस्वी भलत्याच लोकांची. २०१९ मध्ये डेन्मार्कमध्ये पोलिसांच्या टॉवर-डेटा वाचण्यात चुका असल्याचं उघड झालं. १० हजारांहून अधिक खटले फेरतपासणीला काढावे लागले, ३२ जणांना कोठडीतून सोडावं लागलं आणि हा डेटा न्यायालयात वापरणं दोन महिने थांबवावं लागलं. नोंद सरकारी कामाची असली तरी ती बरोबरच असेल असं गृहीत धरू नका.

तुमच्यावरचा नियम नेमका कोणता

उपाय निवडण्याआधी नियम वाचा, कारण देशागणिक रकाने वेगळे आणि मुदतही वेगळी. ऑस्ट्रेलियाचा २०१५ चा कायदा दोन वर्षांची साठवण लावतो, पण कोणत्या वेबसाइट पाहिल्या ते साठवायची सक्ती त्यात मुद्दाम वगळलेली आहे. ब्रिटनचा २०१६ चा कायदा याच्या उलट: कोणत्या इंटरनेट सेवेशी कधी जोडणी झाली ही नोंद १२ महिन्यांपर्यंत ठेवायला लावता येते. रशियाचा २०१६ चा कायदा सगळ्यांत पुढे गेला, तिथे मजकूरसुद्धा सहा महिन्यांपर्यंत आणि दूरसंचार कंपन्यांनी बाकीच्या नोंदी तीन वर्षं. अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांवर अशी सरसकट सक्ती नाही, तिथे आधीच असलेली नोंद ९० दिवस गोठवून ठेवायला सांगता येतं आणि ती मुदत एकदा वाढवता येते. (कंपन्या बिलासाठी आणि धंद्यासाठी पुष्कळ काही आपणहून साठवतात, तो भाग निराळा.)

भारतात शोध घेताना संसदेच्या कायद्यात 'साठवण' हा शब्द शोधत बसलात तर हाती थोडंच लागेल. सक्ती आली ती परवान्याच्या अटींमधून आणि निर्देशांमधून. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं परवान्यात दुरुस्ती करून कॉल आणि इंटरनेट वापराच्या नोंदी ठेवण्याची मुदत एका वर्षावरून किमान दोन वर्षं केली. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देशांनी सेवादाते, डेटा सेंटर आणि कंपन्यांना यंत्रणेचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवायला सांगितलं, आणि व्हीपीएन सेवांना (ग्राहकाची वाहतूक कूटबद्ध करून आपल्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या) ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी आणि सेवा घेण्याचं कारणसुद्धा, सेवा बंद केल्यानंतर पाच वर्षं किंवा अधिक. तेव्हा कायद्यासोबत परवाना, नियम आणि निर्देश अशी चारही कागदपत्रं पाहायची.

वाचताना हे टिपून ठेवा: सक्ती कुणावर आहे (फक्त दूरसंचार कंपन्या की सर्व्हर चालवणारा प्रत्येकजण), कोणते रकाने, किती मुदत, नोंद बघायला न्यायाधीशाची परवानगी लागते की अधिकाऱ्याची सही पुरते, आणि नोंद बघितल्याचं तुम्हाला नंतर तरी कळवतात का. शेवटच्या दोन मुद्द्यांची उत्तरं पुढे हरकत लिहिताना सगळ्यांत कामाला येतात.

वेबसाइटच्या नावाचा रकाना

इथे गळती दोन ठिकाणांहून होते. पहिली डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी यंत्रणा. साइटचं नाव टाकलं की ब्राउझर आधी 'याचा आयपी काय' असं विचारतो, आणि सेटिंग बदललं नाहीत तर तो प्रश्न तुमच्याच इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला उघड्यावर जातो. अँड्रॉइड ९ पासून पुढे सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रायव्हेट डीएनएस असं जा. तिथे 'ऑटोमॅटिक' वर समाधान मानू नका: कूटबद्ध (एनक्रिप्टेड) जोडणी जमली नाही तर तो गुपचूप उघड्या डीएनएसवर परततो. होस्टनेमचा पर्याय निवडून क्वाड९ सारख्या कूटबद्ध डीएनएस सेवेचं पूर्ण नाव रोमन अक्षरांत टाका. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' मध्ये 'मॅक्स प्रोटेक्शन' निवडा, त्याखालची सौम्य पातळी अडचण आली की कंपनीच्या डीएनएसकडे वळते. विंडोज ११ मध्ये ही सोय जोडणीच्या गुणधर्मांतच आहे, आयफोनला प्रोफाइल किंवा ॲप लागतं.

हे केल्यावर लॉगिन पान दाखवणारं सार्वजनिक वायफाय चालेनासं होईल, कारण ते पान डीएनएसमध्ये ढवळाढवळ करूनच तुमच्यासमोर येतं. तेवढ्यापुरतं सेटिंग बंद करा, लॉगिन करा, लगेच चालू करा. बहुतेकांचं सेटिंग कायमचं बंद राहतं ते इथेच.

दुसरी गळती टीएलएसच्या, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या कूटबद्धतेच्या, पहिल्याच संदेशात. एचटीटीपीएस असलं तरी 'मला या नावाच्या साइटशी बोलायचंय' हे नाव सुरुवातीला उघडं जातं. त्यावरचा उपाय म्हणजे हे नावही कूटबद्ध करणारी सोय, ईसीएच. फायरफॉक्समध्ये तो आवृत्ती ११९ पासून येतो, पण समोरच्या साइटनंही तो चालू केलेला असावा लागतो आणि तुमचं डीएनएस कूटबद्ध असावं लागतं. दोन्ही जमलं तरी सर्व्हरचा आयपी रकान्यात उरतोच. हजारो साइटना एकाच आयपीमागे ठेवणाऱ्या मोठ्या सेवेवर साइट असेल तर त्यातून फारसं कळत नाही. स्वतःचा वेगळा सर्व्हर असलेल्या छोट्या साइटचा आयपी म्हणजे नावच समजा. थोडक्यात, कूटबद्ध डीएनएस जरूर लावा, फुकट आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे, पण समोरच्या आयपीचा रकाना त्यानं जात नाही.

समोरच्या आयपीचा रकाना: व्हीपीएन

व्हीपीएन लावल्यावर कंपनीच्या नोंदीत शेकडो पत्त्यांऐवजी एकच पत्ता दिसतो, व्हीपीएनच्या सर्व्हरचा. वेळ, डेटाचं प्रमाण आणि टॉवर तसेच राहतात. आणि जे आधी इंटरनेट कंपनीला दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. जाहिराती हे शेवटचं वाक्य कधीच सांगत नाहीत. म्हणजे प्रश्न एवढाच की तुमचा भरवसा दोघांपैकी कुणावर जास्त आहे आणि दोघांवर कोणत्या देशाचा नियम चालतो.

'आम्ही लॉग ठेवत नाही' हे वाक्य प्रत्येक सेवेच्या पानावर असतं, म्हणून त्याला फारशी किंमत नाही. परीक्षा झालेली सेवा शोधा. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस मुलवाद या व्हीपीएन सेवेच्या कार्यालयात झडतीचं वॉरंट घेऊन गेले आणि ग्राहकांची नोंदच नसल्यानं रिकाम्या हातानं परतले. ही सेवा ईमेल मागत नाही, खात्याला फक्त १६ आकडी क्रमांक देते. भारतातले २०२२ चे निर्देश आल्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी देशातले आपले सर्व्हर बंद केले. नोंद ठेवण्याऐवजी बाहेर पडणं, हीही एक परीक्षाच. उलट बाजूचं उदाहरण २०२१ चं: स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनमेल या स्विस ईमेल सेवेला एका फ्रेंच कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी तिथून पुढे नोंदवायला लागला आणि तो द्यावा लागला. जुनी नोंद नसली तरी आदेशानं पुढची सुरू करता येते.

सेवा घेतल्यावर गळती तपासण्याचं काम तुमचं:

१. अँड्रॉइडमध्ये व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये 'ऑलवेज-ऑन' आणि 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन' ही दोन्ही बटणं चालू करा. संगणकावर ॲपमधला किल स्विच (व्हीपीएन तुटताच इंटरनेट थांबवणारं बटण). हे नसेल तर व्हीपीएन तुटल्यावरचे काही सेकंद तुमचा खरा आयपी जातो, आणि वेळेच्या रकान्यासाठी एक सेकंदही पुष्कळ झाला.

२. जोडणी लावून आयपी तपासणारी साइट उघडा. आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा) दोन्ही पत्ते बघा. व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ वाहून नेत असेल आणि कंपनीनं आयपीव्ही६ दिलं असेल तर अर्धी वाहतूक बाजूनं निघून जाते. उपाय: सेवा बदला किंवा यंत्रावर आयपीव्ही६ बंद करा.

३. डीएनएस गळतीची चाचणी करा. यादीत तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव दिसलं तर काहीतरी चुकतंय.

४. पान उघडत असताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जा आणि पुन्हा तपासा. स्थिर बसून सगळं ठीक दिसतं, जाळं बदलताना फुटतं.

५. ब्राउझरचं वेबआरटीसी (ब्राउझरमधल्या कॉलसाठीची सोय) खरा पत्ता सांगतं का ते पाहा. फायरफॉक्समध्ये ते पूर्ण बंद करता येतं, पण ब्राउझरमधले व्हिडिओ कॉलही बंद पडतात.

आयफोनवर व्हीपीएन लावण्याआधीच उघडलेल्या काही जोडण्या बाहेरूनच चालू राहू शकतात. आणि कार्डानं पैसे भरले तर व्हीपीएनकडे तुमचं नाव आहेच. मोफत व्हीपीएनबद्दल वेगळं लिहायची गरज नाही: पैसे कुठून येतात ते विचारा. काही देशांत व्हीपीएन वापरण्यावरच निर्बंध आहेत, तेही आधी बघून घ्या.

टॉर

टॉरमध्ये तुमची वाहतूक तीन सर्व्हरांमधून जाते. पहिल्याला तुमचा आयपी कळतो पण गंतव्य कळत नाही, तिसऱ्याला गंतव्य कळतं पण तुम्ही कळत नाही. एका कंपनीवर भरवसा टाकायचा नसेल तर हाच उपाय. किंमत म्हणजे वेग. टॉर ब्राउझर आहे तसा वापरा: ॲड-ऑन घालू नका, खिडकीचा आकार ताणू नका, आणि ज्या खात्यावर तुमचं नाव आहे तिथे लॉगिन करून 'आता मी निनावी' असं समजू नका. टॉरंट तर त्यावरून अजिबात नको.

टॉर कुठे कमी पडतो हे डिसेंबर २०१३ च्या हार्वर्डमधल्या प्रकरणात दिसतं. बॉम्बची धमकी देणारे ईमेल टॉरवरून गेले होते. तपास यंत्रणेनं टॉर फोडलं नाही. विद्यापीठाच्या जाळ्यावर त्या वेळेच्या सुमारास टॉर कोण वापरत होतं, एवढंच लॉगमध्ये पाहिलं आणि त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले. गुन्हा गुन्हाच होता, पण साठवलेली नोंद कशी काम करते त्याचा हा नेमका नमुना आहे: मजकूर नको, मार्ग नको, वेळ जुळली की पुरे. पत्रकारानं किंवा त्याच्या सूत्रानं यातून घ्यायचं ते असं. टॉर फक्त 'त्या' दिवशी उघडू नका, रोजच्या साध्या वाचनासाठीही वापरा, म्हणजे नोंदीत एकटा दिवस उठून दिसत नाही. टॉर वापरतोय हेच लपवायचं असेल तर ब्राउझरच्या कनेक्शन सेटिंगमधून ब्रिज (टॉरच्या जाहीर यादीत नसलेला प्रवेश-सर्व्हर) निवडा, ओबीएफएस४ किंवा स्नोफ्लेक प्रकारचा.

फोन

इथे हात आखडता घ्यावा लागतो. साधा कॉल आणि एसएमएस यांचा प्रत्येक रकाना भरला जातो आणि व्हीपीएनचा त्याला काहीही उपयोग नाही. वायफाय कॉलिंगसुद्धा कंपनीच्याच यंत्रणेतून जातं. सिग्नलसारख्या ॲपवरून कॉल केला तर 'कुणाशी' हा रकाना जातो, उरतो फक्त डेटा सत्राचा. सिग्नलकडे स्वतःची नोंद किती, हे २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयीन मागणीला दिलेल्या उत्तरातून कळलं: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं, या दोन गोष्टी. व्हॉट्सॲपचा मजकूरही कूटबद्ध असतो, पण कुणाचा कुणाशी संपर्क याचा तपशील कंपनीकडे बराच जास्त असतो. ईमेलचा मजकूर कूटबद्ध केला तरी पाठवणारा, घेणारा आणि वेळ उघडेच राहतात. ज्या संपर्कात 'कुणाशी' हेच नाजूक आहे तिथे ईमेल वापरू नका.

टॉवरचा रकाना मात्र कोणतंच ॲप कोरा करू शकत नाही. फोन जाळ्याला जोडलेला आहे तोवर तो कुठे आहे हे जाळ्याला माहीत असणारच, नाहीतर कॉल येणार कसा? जर्मनीतले ग्रीन पक्षाचे राजकारणी माल्टे श्पिट्झ यांनी डॉयचे टेलिकॉमकडून कायदेशीर लढा देऊन आपल्याच फोनच्या ऑगस्ट २००९ ते फेब्रुवारी २०१० या सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. ३५ हजारांहून जास्त ओळी होत्या. २०११ मध्ये एका जर्मन साप्ताहिकाच्या संकेतस्थळानं त्या नकाशावर मांडल्या, तेव्हा त्यांचा सहा महिन्यांचा प्रवास जवळजवळ सलग दिसला. ठिकाण नोंदवलं जाऊ नये असं वाटत असेल तर फोन सोबत नेऊ नका, किंवा निघण्याच्या बऱ्याच आधी विमान मोडवर टाका. भेटीच्या दारात जाऊन बंद केलात तर शेवटचा टॉवर तोच नोंदला जातो. सिम बदलून तोच हँडसेट वापरणं निरुपयोगी, कारण आयएमईआय तोच राहतो.

आपली नोंद मागवा

तांत्रिक उपायांपेक्षा हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच फार थोडे करतात. पण कायद्याविरुद्धच्या लढ्यात 'माझ्याबद्दल हे साठवलंय' असं कागद दाखवून म्हणता आलं की बोलण्याला वजन येतं.

युरोपीय संघात डेटा संरक्षण नियमाच्या कलम १५ खाली हा हक्क आहे. उत्तर एका महिन्यात यायला हवं, कारण देऊन आणखी दोन महिने वाढवता येतात. इतर देशांत स्थानिक गोपनीयता कायद्यातली तरतूद शोधा. 'माझा सगळा डेटा द्या' असं लिहिलंत तर जुनी बिलं येतील. रकाने नावानिशी मागा:

'माझ्या अमुक क्रमांकाच्या जोडणीबाबत दि. … ते दि. … या काळातील पुढील नोंदींची प्रत मिळावी. (१) मला दिलेले आयपी पत्ते, पोर्ट आणि त्यांच्या सुरुवात-शेवटच्या वेळा. (२) कॉल, एसएमएस आणि डेटा सत्रांच्या नोंदी, सेल आयडीसह. (३) डीएनएस विचारणांच्या नोंदी असल्यास त्या. (४) प्रत्येक प्रकारची नोंद किती काळ ठेवली जाते आणि कोणत्या तरतुदीखाली. (५) या नोंदी कुणाला दिल्या असल्यास त्यांचा तपशील, आणि तो देता येत नसल्यास कोणत्या कलमामुळे. माहिती सीएसव्हीसारख्या यंत्रानं वाचता येईल अशा स्वरूपात द्यावी आणि वेळा कोणत्या वेळपट्ट्यातल्या आहेत ते नमूद करावं.'

काळ छोटा ठेवा, एक-दोन महिने पुरे. मुदत संपलेल्या नोंदी रोज जुन्या टोकाकडून पुसल्या जात असतात, म्हणून सर्वांत जुना काळ आधी मागा. नकार ठरावीक साच्यातले येतात. 'आयपी बदलता असतो, त्यामुळे तो तुमचा वैयक्तिक डेटा नाही' असं म्हटलं, तर युरोपात २०१६ च्या ब्रायर प्रकरणातला निकाल दाखवा: कायदेशीर मार्गानं माणसापर्यंत पोहोचता येत असेल तर बदलता आयपीही वैयक्तिक डेटा ठरू शकतो. 'समोरच्या व्यक्तीचा नंबर देता येणार नाही' हे म्हणणं बरंचसं रास्त आहे, तेवढा भाग झाकून बाकीचं द्या असं कळवा. ऑस्ट्रेलियात बेन ग्रब या पत्रकारानं २०१३ मध्ये टेलस्ट्रा या दूरसंचार कंपनीकडे आपला मेटाडेटा (मजकूर सोडून बाकीचे रकाने) मागितला. वाद २०१७ पर्यंत चालला आणि निकाल त्याच्या बाजूनं लागला नाही. पण मधल्या काळात २०१५ च्या कायद्यानंच सक्तीनं साठवलेला डेटा वैयक्तिक माहिती मानला.

भारतात माहिती अधिकाराचा अर्ज खासगी कंपनीकडे चालत नाही, तो सरकारी खात्याकडेच करावा लागतो. तिथे स्वतःच्या नोंदीऐवजी एकत्रित माहिती मागा: साठवणीच्या आदेशांच्या प्रती, वर्षभरात किती मागण्या आल्या, किती नाकारल्या, पुसण्याची पद्धत काय. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिलं अपील त्यानंतर ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. सुरक्षेचं कारण देऊन नकार आला तर 'आकडेवारी देण्यात सुरक्षेला बाधा कशी' एवढाच मुद्दा अपिलात धरा, फाटे फोडू नका.

सर्व्हर तुम्हीच चालवत असाल तर

छोटी वेबसाइट, मेलिंग यादी, संस्थेचं वायफाय चालवणारे लोक सवयीनं सगळं साठवतात. सक्ती तुम्हाला लागू आहे का ते आधी पक्कं करा. भारतात १८० दिवसांचा नियम बऱ्याच जणांना लागतो, तो डावलून सात दिवसांत लॉग पुसणं अंगाशी येईल. लागू नसेल तर गरजेपुरतंच ठेवा: एंजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये आयपीचा शेवटचा भाग शून्य करूनच लॉगमध्ये लिहा, आयपीव्ही६ असेल तर पहिले ४८ बिट ठेवून बाकी शून्य. लॉगरोटेटमध्ये (जुन्या लॉग फाइल आपोआप पुसणारं साधन) रोजची फाइल आणि सात फाइल एवढंच. मग राहून गेलेल्या जागा शोधा: एरर लॉग, जर्नलडी (लिनक्सची लॉग-यंत्रणा), डेटाबेसमधला सेशनचा तक्ता, पुढे उभ्या असलेल्या सीडीएनचे (तुमची साइट आपल्या सर्व्हरवरून पुरवणारी सेवा) लॉग, आणि सगळ्यांत हमखास म्हणजे बॅकअप. बॅकअप वर्षभराचे असतील तर तुमचे लॉगही वर्षभराचे. एकदा का नोंद मागणारी नोटीस आली की त्यानंतर काही पुसू नका, तो स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

हरकत आणि न्यायालय

नियमाचा मसुदा सूचनांसाठी खुला होतो तेव्हा एकाच मजकुराच्या हजार प्रती पाठवण्यापेक्षा दहा वेगळ्या, कलमवार हरकती जास्त कामाच्या. नुसतं 'गोपनीयतेचा भंग' न लिहिता अमुक कलमातली मुदत, अमुक रकाना, अमुक परवानगी यावर बोट ठेवा आणि पर्यायी शब्दरचना द्या. पर्याय हाताशी आहेच: संशय निर्माण झाल्यावर त्या व्यक्तीची नोंद तेवढ्यापुरती गोठवणं. सायबर गुन्ह्यांवरच्या बुडापेस्ट करारात ९० दिवसांपर्यंतची तीच तरतूद आहे. साठा म्हणजे चोरांनाही निमंत्रण, हा मुद्दा आता पुराव्यानिशी मांडता येतो. २०२४ मध्ये एटी अँड टी या अमेरिकी दूरसंचार कंपनीनं जाहीर केलं की तिच्या जवळजवळ सगळ्या मोबाइल ग्राहकांच्या २०२२ मधल्या सहा महिन्यांच्या कॉल आणि मेसेजच्या नोंदी चोरीला गेल्या. उपयोग किती, हेही विचारा. डेन्मार्कनं इंटरनेट सत्रांच्या नोंदींची सक्ती २००७ पासून चालवली आणि २०१४ मध्ये गुंडाळली, पोलिसांना त्या नोंदींचा जेमतेमच उपयोग झाला होता.

न्यायालयात याचिकाकर्ता कोण हे महत्त्वाचं. जर्मनीत ३४ हजारांहून अधिक नागरिकांनी मिळून तक्रार केली, आणि २ मार्च २०१० रोजी घटनात्मक न्यायालयानं कायदा रद्द करून साठवलेला डेटा ताबडतोब पुसायला सांगितलं. आयर्लंडमध्ये डिजिटल राइट्स आयर्लंड ही छोटी संस्था गेली, आणि ८ एप्रिल २०१४ रोजी युरोपीय न्यायालयानं सहा महिने ते दोन वर्षं साठवणीचा २००६ चा निर्देशच अवैध ठरवला. कधी कंपनीच उभी राहते: म्युनिकच्या स्पेसनेट या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात २०२२ मध्ये सरसकट साठवण पुन्हा फेटाळली गेली. आयपी पत्त्यांपुरती मात्र युरोपीय न्यायालयानं २०२० पासून सूट दिली आहे आणि २०२४ मध्ये ती आणखी सैल केली, त्यामुळे युरोपातला निकाल जसाच्या तसा पुढे करताना हे झाकू नका, समोरचा वकील ते काढणारच. भारतात आधार आहे तो गोपनीयता हा मूलभूत हक्क मानणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा. त्यातल्या कसोट्या, म्हणजे कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि उपायाचं प्रमाण, याच क्रमानं युक्तिवाद बांधा. साठवण परवान्याच्या अटीतून आली असेल तर पहिल्या कसोटीवरच जोर द्यायला जागा आहे.

निकाल बाजूनं लागला तरी नोंद आपोआप थांबत नाही. २०१४ चा निकाल लागताच स्वीडनमध्ये टेले२ या दूरसंचार कंपनीनं साठवण थांबवली, पण देशातला कायदा अजून जिवंत आहे म्हणून नियामकानं ती पुन्हा सुरू करायला लावली, आणि त्यातूनच २०१६ चा पुढचा निकाल आला. तेव्हा निकालाच्या दुसऱ्याच आठवड्यात आपल्या कंपनीला लिहा: कोणत्या नोंदी बंद केल्या, कोणत्या तारखेपासून, जुन्या पुसल्या का. 'देशातला कायदा अजून लागू आहे' असं लेखी उत्तर आलं तर ते फायलीला लावा, पुढच्या याचिकेचं पहिलं परिशिष्ट तेच असतं.